एकदांडीचं तेल आणि आख्यानाचा शेवट

एकदांडीला कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही, आणि तिची त्याबद्दल तक्रारही नाही. भिंतीच्या फटीत, गटाराच्या कडेला, बंद पडलेल्या गाडीच्या चाकाखाली, जिथे म्हणून देवाने चिमूटभर माती सांडली तिथे ती आपली उगवते. पानं खरखरीत, जमिनीला धरून. त्यातून एकच सडपातळ दांडी वर निघते आणि तिच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढं फूल: मधे पिवळं, कडेला पांढुरक्या पाकळ्या. गुडघा फुटलेल्या प्रत्येक पोराला ती माहीत असते. पाला चुरगळायचा, रस खरचटल्यावर पिळायचा, थोडं बोंबलायचं, की रक्त थांबतं. कोणी वाळल्या पाल्याची धुरी करून डास हाकलतात, कोणी तो सशांना घालतात, आणि कोणी रस टकलाला चोळून केसांची वाट बघतात. केसांचं देवाला ठाऊक. वाट बघण्याची सवय मात्र नक्की लागते.

आमच्या या गल्लीत एकदांडी म्हणजे आक्कांचं तेल.

आक्का गल्लीच्या तोंडाशी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मुलगी लांबच्या गावी. "आई, तिथे तुला आहे कोण? इकडे ये," असं मुलगी दर फोनला म्हणायची, आणि "दारात माणसं उभी आहेत, नंतर बोलू," असं म्हणून आक्का फोन ठेवायच्या. ते खोटंही नव्हतं. न्हाव्याला वस्तऱ्याच्या ओरखड्यांसाठी तेल हवं असे, शिंप्याला सुई टोचलेल्या बोटांसाठी, मास्तरीणबाईंना भेगाळलेल्या टाचांसाठी. कोपऱ्यावरचे डॉक्टर सगळ्यांना बजावत, "आधी जखम साबणाने धुवा, खोल असेल तर माझ्याकडे या, मग हवं तर आक्कांकडे जा." आणि आपल्या टाचांसाठी कंपाउंडरला गुपचूप आक्कांकडेच पिटाळत. तेल न्यायला आलेला माणूस नुसता तेल नेत नसे. तो बसे, चहा घेई, घरचं रडगाणं गाई आणि हलका होऊन जाई. तेलाचा गुण जखमेवर किती आणि या बसण्याचा किती, याचा हिशेब कोणी केला नव्हता.

आक्कांचा धाकटा भाऊ दोन इमारती सोडून राहायचा. त्याला सगळी गल्ली कंट्रोलर म्हणे. उभी हयात त्याने बस डेपोत शिट्टी फुंकून गाड्या वेळेवर सोडल्या. निवृत्त झाल्यावर गळ्यातली शिट्टी खिशात आली, एवढाच काय तो फरक. घरी बायकोच्या कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी तो घड्याळ बघायचा. आवाज असा, की बोलला तरी तिसऱ्या फलाटावर ऐकू जावा. दुसरं वेड गायलेल्या आख्यानांचं. कुठेही बुवा आख्यान लावणार असले की हा पहिल्या रांगेत, डोळे मिटून, डोळ्यांत पाणी, आणि तोंडाने बुवांच्या बरोबर गाणं सुरू. बरोबर म्हणजे, बुवांच्या अर्धी मात्रा पुढे. गाडी लेट होऊ द्यायची नाही, हा रक्तातला गुण. एका बुवांनी तर देवाच्या धाव्यात थांबून विचारलं होतं, "आपण पुढे जाता, की मी जाऊ?"

तर एके सकाळी या कंट्रोलरच्या गळ्यावर वस्तरा ठेवून न्हावी म्हणाला, "साहेब, एक बोलू?"

गळ्यावर वस्तरा असताना माणूस नाही म्हणत नाही.

"आक्कांचं तेल," न्हाव्याने कप्प्यातून बाटली काढली. "बघा. काळं ठिक्कर. एका गिऱ्हाइकाला लावलं, तर तो विचारतो, दुकानात वायर जळतेय का."

"आधीचं वापर ना मग."

"ते याच्या उलट. पाणचट. आत बुरशीचं बेट झालं होतं साहेब. एक जळकं, एक कच्चं, असंच चाललंय वर्षभर."

"आणि आक्काला कोणी सांगितलं नाही?"

"तुम्ही सांगता?" न्हावी म्हणाला. "आम्ही सगळे घेतो, छान झालंय म्हणतो आणि मोरीत ओततो. पण किती दिवस? शिंपी तर आता मागच्या रस्त्याने जातो. दारावरून गेलं की त्या हाक मारतात, आणि हाक मारली की बाटली घ्यावी लागते."

कंट्रोलर अर्धी दाढी तशीच ठेवून उठला. एक गोष्ट त्याच्या लख्ख ध्यानात आली होती. तेल गेलं की माणसं जाणार, आणि माणसं गेली की पुढच्या फोनला आक्काकडे मुलीला द्यायला उत्तर नसणार. आक्काला हे घर सोडावं लागणार.

घरी येऊन त्याने योजना मांडली. चांगलं तेल आपण गुपचूप करायचं. आक्का देईल ती बाटली लोकांनी हसतमुखाने घ्यायची आणि आपल्याकडून बदलून न्यायची. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे वन्संना जाऊन सरळ विचारायचं नाही, की तेलाचं काय होतंय?"

"तू तिला ओळखत नाहीस."

"तुम्हाला ओळखते ना," बायको म्हणाली. "करायचं ते करा. फक्त माझं जाड बुडाचं पातेलं घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी कंट्रोलर आक्काच्या स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसला. खिशात डेपोतलं स्टॉपवॉच. आक्का पाट्यावर पाला वाटत होत्या. वाटलेला गोळा तिळाच्या तेलात सोडला, मंद आच केली आणि सवयीने गायला लागल्या. आई असताना आईही याच वेळी हेच गायची: दिवेवालीचं आख्यान. एक आंधळी बाई रोज संध्याकाळी दारात दिवा लावते, स्वतःसाठी नव्हे, वाटसरूंसाठी. एका वादळात घरात शेवटचं पळीभर तेल उरतं, आणि दारावर थाप पडते.

"हे किती वेळ उकळायचं?" कंट्रोलरने विचारलं.

"आख्यान संपेपर्यंत रे. आईचं कधी काही वेगळं बघितलंस?"

त्याने समाधानाने घड्याळ चालू केलं. वेळापत्रक असलेलं औषध त्याला प्रथमच भेटत होतं. तेवढ्यात खरोखरच दारावर थाप पडली. दूधवाला. त्याने कडी वाजवली, मग दार बडवलं, मग दोन्ही. आक्कांची नजर पातेल्यावरून हलली नाही. काय ही तल्लीनता, असं म्हणून कंट्रोलरने भरल्या मनाने स्वतः उठून दूध घेतलं.

"दार वाजे, दार वाजे, कोण उभे दारी? तेल दे गं माउलीये, वाट ही अंधारी." या ओळीवर आक्का आल्या आणि तिथेच घोटाळल्या. पुन्हा तीच ओळ. मग पुन्हा. पातेल्याकडे वाकून बघत, आणखी एकदा. मग एकाएकी गाणं थांबवून त्यांनी गॅस बंद केला. कंट्रोलरने घड्याळ दाबलं. पाऊण तासाला थोडं कमी. "भक्ती बघ," तो घरी बायकोला म्हणाला, "ओळ सोडवत नव्हती तिला."

आता पाला. गल्लीतली एकदांडी आक्कांनी संपवलेली, म्हणून तो सरकारी बागेत गेला. कारंज्यामागे हातभर उंचीचं रान माजलं होतं. तो वाकला, आणि मागून शिट्टी वाजली. आयुष्यभर ज्याने जगाला शिट्टी मारली, त्याला भर दुपारी, लोकांदेखत, एका पहारेकऱ्याने शिट्टी मारली! शिवाय वाजवायची पद्धत चूक, गाल फुगवून. कंट्रोलरला अपमानापेक्षा तेच जास्त लागलं.

"फुलं तोडू नका. पाटी आहे."

"अहो, हे तण आहे."

"तण असलं तरी बागेचं आहे. हापिसात जा."

ऑफिसातल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं. "एकदांडी? आमच्या बागेत हे झाड नाही."

"तुमच्या खिडकीखालीच आहे."

कारकून उठला, खिडकीतून वाकला आणि परत बसला. "ते आहे. पण नाही."

"म्हणजे?"

"जे आम्ही लावलं नाही, ते बागेत नाही. जे नाही, ते तोडायची परवानगी कशी देऊ?"

"मग बिनपरवानगी तोडतो."

"तोडा. मग जे आहे ते तोडल्याचा दंड होईल."

यावर कंट्रोलरने जरा डेपोतला आवाज लावला. तो आतल्या साहेबांपर्यंत गेला. बागेत नसलेली वस्तू बागेत आहे, हे साहेबांना प्रथमच कळलं, आणि साहेब कर्तबगार निघाले. दुसऱ्या दिवशी कंट्रोलर पिशवी घेऊन पोचला, तेव्हा एकदांडीची शेवटची काडी ट्रॉलीतून चालली होती. बाग आरशासारखी झाली. येणारेजाणारे त्याचा हात हातात घेऊन म्हणायचे, "तुमच्यामुळे झालं हो हे!" प्रत्येक अभिनंदनाला तो रिकामी पिशवी पाठीमागे लपवायचा.

जिन्यात वरच्या मजल्यावरचे वकील भेटले. त्यांच्या डोक्यावर केस नव्हते, पण डोक्यात केसेस पुष्कळ होत्या. "दावा लावू. नुकसानभरपाई मागू," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आणि पाला मिळाला तर वाटीभर रस माझ्यासाठी ठेवा. मी विश्वास ठेवतो असं नाही, पण उलटतपासणी करायला काय हरकत आहे?"

शेवटी त्याला आठवला डेपो. मागच्या अंगाला मोडीत काढलेल्या गाड्या उभ्या असत, आणि तिथे एकदांडी गुडघ्याएवढी. तो फाटकातून ताठ मानेने आत शिरला. त्याच्या खुर्चीवर एक तरुण बसलेला.

"काका, कोणती बस हवी? फलाट तिकडे. इथे गाड्या वळतात."

"मला बस नको," कंट्रोलर म्हणाला. "मी इथूनच गाड्या..." आणि त्याने पिशवी पुढे केली. "जरा पाला तोडायचा होता."

"तोडा की. सशांसाठी का?"

"हो," कंट्रोलर म्हणाला. आयुष्यातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात कडू उत्तर.

ज्या गाड्या त्याने वेळेवर सोडल्या होत्या, त्या आता कायमच्या लेट होऊन गंजत उभ्या होत्या, आणि त्यांच्या पायऱ्यांतून ती बटणाएवढी फुलं डोकावत होती. दोन पिशव्या भरेपर्यंत त्याला हेही कळलं, की काही लोक या झाडाला कंबरमोडी का म्हणतात.

बायको डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली, तो मुहूर्त. जाड बुडाचं पातेलं निघालं, अर्थात. पाला वाटला, तेल चढवलं, मंद आच. आता आख्यान. स्वतः गायलं तर आपण पुढे जातो, हे एव्हाना त्याला मान्य होतं. घड्याळ लावून मोजलेलं आक्काचं तेलही कच्चंच निघालं होतं, तेव्हा वेळेत गडबड नको म्हणून त्याने फोनवर एका नामांकित बुवांचं दिवेवालीचं आख्यान लावलं, खुर्चीवर बसला आणि डोळे मिटले. पातेलं तडतडत होतं, बुवा रंगात होते. वादळ आलं. थाप पडली. "तेल दे गं माउलीये" झालं.

आणि आख्यान पुढे गेलं!

कंट्रोलरने डोळे उघडले आणि पुन्हा घट्ट मिटले. पुढे? याला पुढे आहे? लहानपणापासून आईच्या तोंडून, मग आक्काच्या तोंडून त्याने शंभरदा हे ऐकलं होतं, आणि शंभरही वेळा ते त्या थापेशीच संपलं होतं. दारात कोण होतं, तिने तेल दिलं की नाही, हे आजवर त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कुठल्याच बुवांच्या बैठकीत हे आख्यान लागलं नाही, आणि संपलेल्या गोष्टीचं पुढे काय, असं वेळेवर गाड्या सोडणारा माणूस विचारत नाही. आता मात्र त्याच्या जिवाचे कान झाले. बुवांनी दारातल्या पाहुण्याचं वर्णन घेतलं. मग दिवेवालीच्या थरथरत्या हातांचं. कंट्रोलरच्या डोळ्यांतून धारा लागल्या. खोलीत धूर दाटला, तेव्हा त्याला वाटलं, बुवांनी रसवर्णन तरी काय केलंय, धूपाचा वास येतोय!

वरच्या मजल्यावर वकिलांना तोच वास आला, पण त्यांना आख्यानाची गोडी नव्हती. त्यांनी बंब बोलावला.

दार उघडलं तेव्हा समोर शिरस्त्राण घातलेला जवान. "काका, गुदमरलात? आत कोणी आहे?"

"दिलं हो तिने," कंट्रोलर हुंदके देत म्हणाला, "असेल नसेल ते सगळं तेल दिलं!"

जवानाने काही न विचारता त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि खाली नेऊन पायरीवर बसवलं. वर पाण्याचा फवारा सुरू झाला. जळालं फक्त पातेलं होतं. बाकीचं जे नासलं ते पाण्याने. वकील खाली आले, "दावा लावू" म्हणाले आणि हळूच, "रस शिल्लक आहे का?" असंही म्हणाले. त्यात बंबाचा भोंगा अडकून बसला. चालक बटणं दाबतोय, बुक्क्या मारतोय, भोंगा काही थांबेना. गल्ली सगळी बाहेर आलेली, आणि प्रत्येकाची बोटं कानांत.

प्रत्येकाची, म्हणजे आक्का सोडून. त्या लोकांच्या मागून काठी टेकत आल्या, बंबाला लागूनच उभ्या राहिल्या आणि हनुवटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, बंब! आणि एक आवाज नाही. पूर्वी कशी घंटा वाजवत यायचे. हल्ली मेले चोरासारखे येतात."

कंट्रोलरने कानांतली बोटं काढली. न्हाव्याने त्याच्याकडे बघितलं, त्याने न्हाव्याकडे. कडी बडवणारा दूधवाला, पुन्हा पुन्हा म्हटलेली ती ओळ, पातेल्यावर वाकलेली नजर. सगळं एकदम फलाटाला लागलं. त्याचा आवाज मुळातच डेपोचा. आपल्या बहिणीला ऐकू येईनासं झालंय, हे कळायला त्याला कधी निमित्तच मिळालं नव्हतं.

भोंगा एकदाचा मेला. तोवर जवानाने पातेलं खाली आणून ठेवलं होतं. आक्कांनी वाकून वास घेतला.

"एकदांडी. माझ्या चोरून?"

"तुझे श्रम वाचावेत म्हणून," कंट्रोलर म्हणाला.

"किती वेळ ठेवलंस?"

"आख्यान संपेपर्यंत! तूच म्हणालीस."

आक्का त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि पोट धरून हसल्या. "अरे शहाण्या, आख्यान संपलं की तेल होत नसतं. तेल गप्प झालं की आख्यान संपवायचं असतं! पाल्यात ओल आहे तोवर ते तडतडतं, बडबडतं. ओल आटली की गप्प. तेल गप्प, की आपण गप्प, की आच बंद. आईने मला असंच शिकवलं." मग हसू ओसरलं. पदराने चष्मा पुसत त्या जराशाने म्हणाल्या, "हल्ली तेल काही बोलतच नाही रे. पहिल्यासारखा पाला राहिला नाही."

न्हावी चपलेकडे बघत राहिला.

तेवढ्यात बायको आली. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे तिला सगळं धूसर दिसत होतं. पातेलं मात्र स्पष्ट दिसलं. ती काय म्हणाली ते इथे सांगत नाही. जे म्हणाली ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी कंट्रोलर उरलेली पिशवी घेऊन आक्काकडे गेला. "तू गा. मी तेलाशी बसतो. मला नीट शिकव."

"तू? गप्प बसशील?"

"बसेन."

आक्कांचा विश्वास बसला नाही, पण त्यांनी आच लावली आणि गायला सुरुवात केली. कंट्रोलरने दोन्ही ओठ दातांखाली धरले आणि कान पातेल्याकडे केला. तेल बडबडत होतं. आक्काचा आवाज थोडा वर गेला होता, सुरातून जरा सुटला होता, तरी ओळख आईचीच होती. आयुष्यात पहिल्यांदा तो कोणाच्या पुढे गेला नाही. वादळ आलं. शेवटचं पळीभर तेल राहिलं. पातेल्यातली तडतड विरळ झाली. एक थेंब, आणखी एक. "दार वाजे, दार वाजे..." आणि तेल गप्प झालं.

गाडी थांबवायला उभी हयात करायचा तसा त्याने हात वर केला.

आक्कांनी ओळ तिथेच सोडली. गॅस बंद केला. पळीने तेल उचलून उजेडात धरलं: हिरवट सोनेरी, स्वच्छ. बराच वेळ त्या ते बघत राहिल्या.

"हात कशाला वर केलास? मला ऐकू येतं."

"माहीत आहे गं," कंट्रोलर म्हणाला. "सवय आहे मला ती."

आक्कांनी त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. मग पळी खाली ठेवली. "बरं. मग दर वेळी येत जा. सवय मोडू नये माणसाने."

संध्याकाळी दोघं दाराच्या पायरीवर बसले. आत तेल निवत होतं. न्हावी रिकामी बाटली घेऊन आधीच येऊन बसला होता. मागच्या रस्त्याने निघालेला शिंपीही वास घेत पुढच्या रस्त्याला लागला.

"काय रे धाकट्या," आक्का म्हणाल्या, "तुझ्या त्या बुवांनी पुढचंही गायलं म्हणे. मला आईने थापेपर्यंतच शिकवलं. तेल तिथवरच पुरतं ना. पुढे काय होतं रे?"

कंट्रोलरने घसा साफ केला आणि बहिणीच्या कानाशी तोंड नेऊन डेपोतला आवाज काढला. शिंपी थांबला, मास्तरीणबाई गच्चीवर आल्या, वकिलांनी खिडकी उघडली. "ती शेवटचं तेल त्या पाहुण्याच्या दिव्यात ओतते! पाहुणा म्हणतो, 'अगं, तुझा दिवा विझला की!' ती म्हणते, 'मला कुठे दिसतंय बाबा? ज्याला दिसतं त्याच्या हातात असू दे!' तो पाहुणा म्हणजे देव असतो आक्का! तो जातच नाही मग. तिच्या दारात दिवा धरून उभा राहतो. अजून उभा आहे म्हणतात!"

आक्का त्या न दिसणाऱ्या दिव्याकडे बघावं तशा समोर बघत बसल्या.

"बरं झालं," त्या शेवटी म्हणाल्या. "कामाला तरी लागला. आणि जरा हळू बोल मेल्या, सगळी गल्ली ऐकतेय."